गेटवर वाचल्याशिवाय सही नाही

गेल्या महिन्यात तुर्भ्याच्या नाक्यावरचा एक चौक रंगवून काढला, मधोमध झेंडूच्या कुंड्या मांडल्या आणि काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांची पाटी बसवली. रेवा, मी पाठवलेला फोटो पाहून तू फोनवर विचारलंस, "आजी, हे तुझे बॉस ना?" हो, तेच. पाटीवर लिहिलं आहे: 'कामगारनेते यादगिरी अण्णा. या मातीचे सुपुत्र. अखेरपर्यंत पक्षाचे एकनिष्ठ सैनिक.'

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं ते जिवंत असताना उच्चारायला पाटी लावणाऱ्या याच मंडळींची जीभ रेटली नव्हती. आणि तिसरं धडधडीत खोटं आहे.

तुमच्या तिकडच्या परदेशातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'माझी नोकरी' या विषयावर लिहा, असा आग्रह तुझ्या आईने उन्हाळ्यापासून धरला होता. मला नीटनेटकं काम आवडतं. मी शिक्षण, नोकरी, निवृत्ती असे मथळे घालून कागद तयार ठेवला होता. पाटी पाहून आल्यावर तो कागद बाजूला ठेवला. ईशान, तू म्हणतोस ना की आजी रागावली की तिचं मराठी चांगलं होतं? मग हा लेख बरा उतरायला हरकत नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा रस्ते रुंद होते आणि त्यांवर माणसं नव्हती. तुमचे आजोबा बँकेत होते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजीची पदवीधर. घर दिवसातून दोनदा आवरूनही दुपार उरायची. शेजारच्या बाईंच्या मिस्टरांनी सांगितलं की तुर्भ्याला एका युनियनच्या ऑफिसात इंग्रजी टायपिंग येणारं माणूस हवं आहे. मी गेले. चहाच्या टपरीमागे पत्र्याची खोली, एक टेबल, भिंतीला टेकवलेले लाल बावटे आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेला एक काळासावळा, दणकट माणूस.

त्यांनी माझ्यापुढे एक पत्र टाकलं. "बाई, याच्यात शिवी कुटं हाय ते सांगा."

मी वाचलं. मॅनेजरचं पत्र होतं, भाषा अत्यंत सभ्य. म्हटलं, "शिवी नाही. तुम्हाला ओळखत नाही आणि तुमच्याशी बोलणार नाही, एवढंच लिहिलंय."

"मंग हीच की शिवी! आनि वर 'डियर सर' कशाला म्हनतो?"

"तशी पद्धत आहे."

"बरी पद्धत हाय," ते म्हणाले. "आमच्याकडं शिवी देताना डियर म्हनत नाय. उद्यापास्नं या."

यादगिरी मूळचे तेलंगणातल्या कोरडवाहू मुलखातले. खाडीवरचा पूल बांधला जात होता तेव्हा ते गवंड्यांच्या टोळीबरोबर आले. पूल झाला, टोळी पुढच्या कामाला गेली, हे राहिले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात धुळीच्या खात्यात हेल्पर म्हणून लागले. तिथे एका बड्या पुढाऱ्याने मुंबईच्या हॉटेलात बसून मालकाशी करार केला आणि यादगिरींचं अख्खं खातं बंद झाल्याचं कामगारांना कळलं ते नोटीस बोर्डावर. ज्याने सही केली त्याचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. यादगिरींनी वेगळी युनियन काढली आणि एक नियम केला: कुठलाही करार गेटवर वाचल्याशिवाय सही नाही.

बाहेरच्या माणसाला यातली खुबी कळायची नाही, म्हणून सांगते. युनियन मागण्या करते, मालक नाही म्हणतो, ठाण्याचे सरकारी अधिकारी दोघांना समोरासमोर बसवतात, आणि शेवटी जे ठरतं त्याला करार म्हणतात. करार इंग्रजीत असतो. नेता आणि मॅनेजर पंख्याखाली बसून सह्या करतात आणि नेता बाहेर येऊन 'विजय असो' म्हणतो. आपल्याला काय मिळालं ते कामगारांना पगाराच्या दिवशी समजतं. आमच्याकडे तसं नव्हतं. पाळी सुटायच्या वेळी मी गेटसमोरच्या दगडी ओट्यावर उभी राहून एकेक कलम मराठीत वाचायचे, अण्णा तेच तेलुगूत आणि आपल्या हिंदीत सांगायचे, आणि मग विचारायचे, "मंजूर? हात वर!" हात आले तर पुढचं कलम. नाही आले तर परत ठाणे. मॅनेजर लोक या प्रकाराला तमाशा म्हणत. मला मात्र आयुष्यात इतकं शिस्तीचं काम दुसरं कुठे दिसलं नाही.

त्यांचं मराठी इथल्याच आगरी कामगारांकडून उचललेलं होतं. मिठागरांवरची, खाडीकाठची बोली. खाडीकाठच्या दिवाळे गावची जनाबाय मासळीची पाटी घेऊन आमच्या दारावरून जायची, ती त्यांना पोरासारखं अरेतुरे करायची. "यादू, तू तिकरचा असशील, पन तुजी जीब आमची हाय," असं म्हणून मूठभर सुकट टेबलावर ठेवायची, नेमकी माझ्या फायलींवर. पक्षाच्या मुंबईतल्या मंडळींना मात्र हेच मराठी ऐकून हसू यायचं. हो, पक्ष. आमची युनियन एका समाजवादी पक्षाशी जोडलेली होती. त्या वेळी नवी मुंबईला महापालिका नव्हती, नगरसेवक नव्हते. शहर सरकारी साहेब चालवायचे. त्यामुळे इथे पक्ष म्हणजे सभा, मोर्चे आणि विधानसभेची निवडणूक. मोर्चाला माणसं लागली की यादगिरी. व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या की यादगिरी खाली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार एकजुटीवर तासभर बोलणारे गृहस्थ चहाच्या वेळी मला हळूच विचारत, "हा नक्की कुठला हो?"

आता गुळाचं सांगते, कारण सगळं गुळावरून झालं.

आमच्या भागात रंगाची भुकटी बनवणारा एक कारखाना होता. पाळी सुटली की माणसं निळी, पिवळी होऊन बाहेर पडायची. भुकटीच्या खात्यातल्या कामगारांना जाताना गुळाचा खडा देण्याची रीत होती. गुळाने घशातली धूळ सुटते असा समज. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, पण तो खडा म्हणजे मालकाने दिलेली कबुली होती की तुझ्या छातीत आमची धूळ जाते. हा खडा फक्त कायम कामगारांना मिळायचा. त्याच भुकटीची पोती डोक्यावरून वाहणारी लोडिंगची माणसं ठेकेदाराची. त्यांना गूळ नाही. बहुतेक मराठवाड्यातून आलेली बौद्ध कुटुंबं, नवराबायको दोघंही पोती उचलायची. त्यांच्यातली कौसाबाई एकदा ऑफिसात येऊन म्हणाली, "अण्णा, गूळ काय आमाला गोड लागत न्हाई का?"

अण्णांच्या सांगण्यावरून मी पत्र लिहिलं: लोडिंगच्या माणसांना कायम करा, आणि ते होईपर्यंत निदान गूळ द्या. उत्तर आलं: सदर इसम आमच्या नोकरीत नाहीत व आम्ही त्यांना ओळखत नाही.

अण्णांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. "ओळखत नाय? मंग रोज गेटवर झडती कोनाची घेतो?"

संप करायचा तर कायम कामगारांनी करायचा होता, तोही दुसऱ्यांसाठी. गेट मीटिंगमध्ये एकाने सरळ विचारलं, "अण्णा, ठेक्याच्या लोकांसाठी आम्ही का उपाशी मरायचं?" अण्णांनी त्याला पुढे बोलावलं. रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या एका लोडिंगवाल्यालाही बोलावलं. म्हणाले, "दोगं पन थुका." मी तोंड फिरवलं, मला असल्या गोष्टींची किळस येते. पण सगळे वाकून बघू लागले तेव्हा मीही बघितलं. दोघांचीही थुंकी सारखीच निळी होती. "यातली कायम कुटली नि ठेक्याची कुटली? सांग!" अण्णा म्हणाले. संप सुरू झाला.

ठेकेदार होते बाबूशेठ. जवळच्याच गावचे. नव्या शहरासाठी त्यांच्या वडिलांची भातशेती गेली होती आणि त्या दुःखाबद्दल मला कधीच शंका नव्हती. शेतं गेलेल्यांवर अन्याय झाला हे अण्णा प्रत्येक सभेत सांगायचे. पण त्या दुःखाचं बाबूशेठनी जे केलं ते वेगळं. कारखान्यांना माणसं पुरवायची आणि पक्षाला मंडप, ट्रक, लाऊडस्पीकर पुरवायचे. पक्षाच्या ज्या लाऊडस्पीकरवरून 'ठेकेदारी बंद करा' अशी घोषणा व्हायची, तो ठेकेदाराचा असायचा. यावर हसू नका. मला आजही हसू येत नाही.

संप लांबला. दिवाळ्याच्या बायका सुकी मासळी आणून द्यायच्या, जनाबाय पुढे. कायम कामगारांच्या बायका मला रस्त्यात गाठून विचारायच्या, "बाई, किती दिवस अजून?" आणि अशात एक दिवस मुंबईहून पक्षाचे सरचिटणीस आले. त्यांना सगळे 'सर' म्हणत. पांढरी खादी, मृदू आवाज. आमच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी खुर्ची रुमालाने पुसली.

"यादगिरी, निवडणूक तोंडावर आहे," सर म्हणाले. "या भागातून तुम्हालाच उमेदवारी द्यावी असं आमच्या मनात आहे."

अण्णांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. लपवणार कशाला? त्यांना ती हवी होती. आमदार झालो तर या बिननगरसेवकांच्या शहरात झोपड्यांना नळ मागता येईल, असं ते नेहमी म्हणायचे. आणि दुसरंही एक कारण होतं, ते ते बोलत नसत. एकदा तरी त्यांना व्यासपीठावर खुर्ची हवी होती.

"मात्र संप मिटवा," सर पुढे म्हणाले. "व्यवस्थापन पगारवाढ द्यायला तयार आहे, चांगली वाढ आहे. लोडिंगचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. तुम्ही विधानसभेत गेल्यावर तो कायद्यानेच सोडवता येईल. सही आज करून टाका."

"गेटवर वाचून करतो, सर."

"जरूर वाचा. करार वाचा. आपलं बोलणं आपल्यात राहू द्या."

सर गेले. त्यांनी आणलेला कराराचा कागद अण्णांनी माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "बाई, करारात कलमं किती?"

"दोन. पगारवाढ, आणि लोडिंगची मागणी युनियन मागे घेते."

"तिसरं घाला. यादगिरीला तिकीट."

मी टाइपरायटरवरचे हात उचलले. "अण्णा, हे करारात नसतं. हे कुणी लिहीत नाही."

"तेच करारात हाय, बाई. बाकीचं त्याच्या भवती गुंडाळलंय."

मी वेगळ्या कागदावर टाइप करून दिलं. दुसऱ्या दिवशी पाळीच्या वेळी ओट्यावर उभी राहून मी पहिलं कलम वाचलं. पगारवाढ. हातांचं रान उठलं. दुसरं वाचलं. लोडिंगची मागणी मागे. कुजबुज झाली, काही हात अर्धवट वर आले आणि शेजाऱ्याकडे बघून खाली गेले. मग अण्णांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि तिसरं स्वतः सांगितलं. "ह्या दुसऱ्या कलमाच्या बदल्यात यादगिरीला विधानसभेचं तिकीट. मंजूर?"

आधी लोकांना ती थट्टा वाटली. मग समजलं. आणि मग जे झालं त्याची अण्णांनाही कल्पना नव्हती. रस्त्याच्या पलीकडे लोडिंगची माणसं उभी होती. ती युनियनची सभासद नव्हती, त्यांना हात वर करायचा हक्कच नव्हता. पहिला हात तिथून वर आला, कौसाबाईचा. तिच्यामागे सगळ्यांचे. कौसाबाई ओरडली, "अण्णा, तुमी निवडून या! आमचं मागनं बघू! गुळाबिगर कुनी मरत न्हाई!"

मग इकडचेही हात गेले. सगळं गेट हात वर करून उभं होतं.

अण्णांनी एकदा डोळे पुसले आणि मग चिडले. खरोखर चिडले. "ए कौसाबाय, तुजा गूळ खाऊन मी आमदार होऊ व्हय? दुसऱ्याला हात नाय आले. दुसरं पडलं. तिसरं दुसऱ्याच्या दोरीला बांधलंय, ते बी पडलं. हात खाली घ्या!"

कोणी घेईना. "खाली घ्या म्हनतो ना!" ते ओरडले, तेव्हा हळूहळू हात खाली आले. संप चालू राहिला.

आता पक्षाने काय केलं ते ऐका. खासगी चर्चा जाहीर केली म्हणून शिस्तभंगाच्या आरोपावरून यादगिरींना पक्षातून काढून टाकलं. ज्यांनी लाच देऊ केली ते शिस्तीत, आणि ज्याने ती चारचौघांत वाचून दाखवली तो बेशिस्त. मला इंग्रजी चांगलं येतं आणि मराठीही बरं येतं, पण या न्यायाला दोन्हीकडे सभ्य शब्द सापडत नाही. उमेदवारी बाबूशेठना मिळाली. मी सरांना भेटायला दादरला गेले आणि विचारलं की ठेकेदाराला कामगारांच्या पक्षाचं तिकीट कसं? सर शांतपणे म्हणाले, "वस्तुस्थिती लक्षात घ्या. ते स्थानिक आहेत. यादगिरी कितीही झालं तरी बाहेरचेच पडतात."

मी म्हटलं, "सर, आम्ही त्यांना ओळखत नाही, असं लिहून द्या. कारखान्याने दिलंय तसं."

त्यांना संदर्भ लागला नाही. त्यांनी मला चहा विचारला. मी घेतला नाही.

आणखी सांगते. मी स्वतः सातारची. सर मूळचे विदर्भातले. तुमचे आजोबा बेळगावचे. वाशीत आम्ही सगळे काल आलेले. आम्हाला कधी कोणी बाहेरचे म्हटलं नाही. बाहेरचा फक्त तो, ज्याने खाडीवरचा पूल बांधला आणि ज्या पुलावरून आम्ही सगळे आत आलो.

संप शेवटी मिटला. शेवटच्या कराराच्या वाचनाच्या वेळी सगळे हात वर आले, कारण लोडिंगला गूळ मिळाला. कायमची नोकरी नाही मिळाली. व्यवस्थापनाने लिहिलं की ओळखत नसलेल्या इसमांना माणुसकीच्या भावनेतून गूळ देण्यात येईल. कौसाबाईने पहिला खडा आणून अण्णांच्या हातावर ठेवला. त्यांनी दातांनी तुकडा तोडला, उरलेला तिला परत दिला आणि म्हणाले, "अर्धीच लढाई झाली, म्हनून अर्धाच खाल्ला." ती उरलेली लढाई कुणी लढली नाही. ती लोडिंगची माणसं ठेक्यावरच म्हातारी झाली. बाबूशेठ निवडून आले आणि वर्ष उलटायच्या आत दुसऱ्या पक्षात गेले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अण्णा गेले. छातीचाच आजार. खडा खाऊनही धूळ धूळच असते. वाशीत सर्वपक्षीय शोकसभा झाली. व्यासपीठावर सर आणि बाबूशेठ शेजारी शेजारी. पहिल्या रांगेत अण्णांची बायको, तिला त्या भाषणांतलं फारसं कळत नव्हतं. मागे कामगार, कडेला जनाबाय टोपली पायाशी घेऊन. सरांनी शोकप्रस्ताव मला दिला. इंग्रजी वर्तमानपत्रांना पाठवण्यासाठी त्याचं भाषांतर हवं होतं, आणि सभेत वाचूनही दाखवा म्हणाले, तुमचे उच्चार स्पष्ट आहेत.

मी उभी राहिले. कागद वाचला आणि समोर पाहिलं. ते लोक माझ्याकडे तसेच बघत होते, जसे गेटवर बघायचे. मी म्हटलं, "हा ठराव आहे. आपल्याकडे एकेक वाक्य वाचून हात मागायची पद्धत आहे. पहिलं वाक्य. यादगिरी हे कामगारांचे थोर नेते होते. मंजूर?"

सभागृहभर हात वर आले. त्यांच्या बायकोनेही बघून हात वर केला.

"दुसरं. ते अखेरपर्यंत पक्षाचे एकनिष्ठ सैनिक होते. मंजूर?"

व्यासपीठावरून सर हळू आवाजात म्हणाले, "बाई, पुढे वाचा." बाबूशेठनी हात वर केला होता. समोर बघून त्यांनी तो डोक्याला नेला आणि केस सारखे केले. खाली सभागृहात एकही हात वर नव्हता. मग जनाबाय उठली. "यादूला यांनी हाकलला नि आता म्हनतात आमचा! नाय बाय, आमचा हात नाय!"

मागून कौसाबाईचा आवाज आला, "बाई, नामंजूर लिव्हा."

मी टेबलावरचं पेन उचललं, त्या वाक्यावर रेघ मारली आणि समासात 'नामंजूर' लिहिलं. कागद सरांच्या पुढे ठेवला आणि खाली उतरून जनाबायच्या शेजारी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी होती: शोकप्रस्ताव एकमताने मंजूर.

आता तेच वाक्य दगडावर कोरलं आहे, तेही सोनेरी. रेवा, ईशान, तुम्हा दोघांना परक्या देशात कधीतरी कोणी विचारणारच की तुम्ही नक्की कुठले. उत्तर द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण इकडे याल तेव्हा त्या चौकात मी तुम्हाला घेऊन जाणार आहे. तुम्ही पाटी मोठ्याने वाचा. तिसऱ्या वाक्याला हात वर करू नका. त्या सभेत एकमत झालं नव्हतं. मी तिथे होते, आणि वाचणारी मीच होते.